बुखारी, बॅरेक आणि क्वार्टर: फौजी निवासातली हवा कशी तपासायची, कशी राखायची

लडाखमध्ये नव्याने पोहोचलेल्या तुकडीत सकाळी चौघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर सगळ्यांचा पहिला संशय उंचीवर जातो. ते साहजिक आहे. लेह ३,५०० मीटरवर, म्हणजे सुमारे ११,५०० फुटांवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्केच असतो. फौजेत ९,००० ते १२,००० फुटांसाठी सहा दिवस, पुढे १५,००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याच्याही वर आणखी चार दिवस शरीराला सवय करून घ्यायला दिले जातात, ते याचसाठी. पहिल्या सहा दिवसांत डोकं दुखणं, मळमळणं, भूक मरणं हे सगळे धरूनच चालतात.

घात होतो तो इथेच. बुखारीत, म्हणजे खोली तापवायच्या केरोसीनच्या शेगडीत, तेल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याची विषबाधा सुरू होते तेव्हा तिचीही लक्षणं हीच असतात: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, पायांतलं बळ जाणं. जवान गोळी घेतो, बुखारीजवळ सरकतो, पांघरूण डोक्यावर ओढतो. म्हणजे ज्या हवेने त्रास होतोय, त्याच हवेत तो आणखी खोल जातो.

दोन्हींतला फरक ओळखायची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. उंचीचा त्रास माणसागणिक वेगळा असतो. एकाला होतो, शेजारच्याला होत नाही. एकाच खोलीत झोपलेल्या बहुतेकांचं डोकं एकाच सकाळी दुखत असेल, बाहेर पहाऱ्यावर रात्र काढलेला मात्र ठणठणीत असेल, आणि मोकळ्या हवेत तास-दोन तास गेल्यावर सगळ्यांना हलकं वाटू लागत असेल, तर दोष बुखारीचा धरावा. औषध द्यायच्या आधी खोली रिकामी करावी.

गावाकडच्या मुलाला धूर नवा नसतो. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो, ठसका लागतो, माणूस आपसूक दाराकडे जातो. हा वायू झोंबत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत अगदी थोडा असला तरी रक्तात साठत जातो. उंचीवर प्राणवायू मुळातच तोकडा, त्यात हा वाटेकरी.

आणखी एक फसगत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची. साधा ऑक्सिमीटर प्राणवायू धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. दोन्ही त्याला सारखीच दिसतात. त्यामुळे माणूस गुंगीत असतानाही आकडा चांगला दिसतो. आकडा चांगला आहे म्हणून माणूस बरा आहे, असं बुखारी पेटलेल्या खोलीत कधीही धरू नये.

बुखारी बिघडते कशी

केरोसीनची बुखारी म्हणजे पत्र्याचं नळकांडं, आत तेल पडायची वाटी, वरच्या डब्यातून नळीने ठिबकणारं तेल आणि छतातून बाहेर जाणारं धुराडं. वाटी तापली की तेलाची वाफ होते, बाजूच्या भोकांतून हवा आत येते आणि वाफ पेटते. तेल आणि हवा यांचा मेळ बसला तर काजळी जवळजवळ होत नाही. मेळ बिघडतो तो बहुतेक वेळा हवेच्या बाजूने.

हिशेब असा. एक लिटर केरोसीन पुरतं जळायला साधारण १२ किलो हवा लागते. समुद्रसपाटीवर ती दहा घनमीटर जागेत मावते, लेहच्या उंचीवर तेवढ्याच हवेला पंधरा घनमीटर लागतात. भोकं मात्र तेवढीच राहतात. म्हणून मैदानात नीट जळणारी बुखारी तेलाची तोटी तेवढीच उघडी ठेवून वर नेली की धुरकट जळते. उंचीवर तेल कमी सोडायचं, हा पहिला नियम. नळीतून थेंब सुटे पडताना दिसले पाहिजेत. धार लागली की तेल जास्त झालं.

ज्योत बघायची सवय लावावी. स्वच्छ, तेजस्वी पिवळी आणि स्थिर ज्योत म्हणजे ठीक. लालसर, मंद, टोकाला काळी शेपटी असलेली, फडफडणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा धुराडं ओढत नाही. पत्र्यावर, छताच्या कापडावर किंवा सकाळी रुमालात शिंकरल्यावर काळं दिसलं, तर रात्रभर धूर खोलीतच येत होता हे उघड आहे.

धुराड्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात. ते जमेल तितकं सरळ वर जावं. प्रत्येक कोपरा ओढ कमी करतो, म्हणून दोनपेक्षा जास्त कोपरे नकोत. वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत बसवायचं. उलट बसवलं तर धुरातलं पाणी सांध्यातून बाहेर गळतं, पत्रा गंजतो आणि सांधा सैल होतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारावेत आणि फट उष्णता सोसणाऱ्या सिमेंटने बुजवावी. चिकटपट्टी, कापड, प्लास्टिक इथे चालत नाही. लाकूड आणि कापडापासून पाइप निदान ४५ सेंटिमीटर दूर ठेवावा. छतातून जातो तिथे पत्र्याची रुंद चकती आणि काचलोकर लावावी. बाहेरचं टोक छताच्या माथ्यापेक्षा निदान ६० सेंटिमीटर वर हवं आणि त्यावर टोपी हवी. टोक माथ्याच्या खाली राहिलं की वारा छतावरून उतरताना धूर परत आत ढकलतो. वारा सुटला की बुखारी 'भक्‌' करते, त्याचं कारण बहुतेक हेच असतं.

काजळी आठवड्यातून एकदा झाडावी. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात चहूबाजूंनी १० मिलिमीटर थर बसला तर धुराला जायला ६४ टक्केच वाट उरते. बाहेरून पाइप जसाच्या तसा दिसतो. पाइपावर हलकेच टिचकी मारून आवाज ऐका: मोकळा पाइप खणखणतो, भरलेला बद्द वाजतो.

विझलेली बुखारी परत पेटवण्यात खरी माणसं भाजतात. ज्योत गेली, वाटी गरम आहे आणि तेल ठिबकतंच आहे, तर आत वाफ साठलेली असते. काडी लावली की भडका तोंडावर येतो. तोटी बंद करायची, वाटी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, साठलेलं तेल चिंधीने टिपून घ्यायचं, चिंधी बाहेर टाकायची आणि मग नव्याने पेटवायची. थंडीत अर्धा तास थांबणं जिवावर येतं, तरी थांबायचंच. तेल भरायचं ते बुखारी बंद आणि गार असतानाच. जेरीकॅन खोलीच्या बाहेर ठेवायचे. पेट्रोलचा थेंबही त्यात मिसळू द्यायचा नाही, आणि ज्या डब्यात पेट्रोल होतं तो डबा केरोसीनला वापरायचा नाही.

पेटवताना धुराडं गार असतं, त्यामुळे ओढ नसते आणि पहिली पाच-दहा मिनिटं धूर खोलीत येतो. आधी कागदाचा बोळा पेटवून पाइप तापवावा, तोवर दार उघडं ठेवावं.

फट बुजवायची नाही

उबेसाठी हटची, म्हणजे फौजी झोपडीची, प्रत्येक फट बुजवली जाते, आणि खिडकीच्या जाळीवर प्लास्टिक ताणलं जातं. मग बुखारीला लागणारी हवा येणार कुठून? खोली घट्ट असेल तर धुराडं जेवढी हवा बाहेर ओढतं, तेवढी आत येऊ शकत नाही. ओढ थांबते आणि धूर उलटतो.

गंमत अशी की बुखारीपेक्षा माणसांनाच हवा जास्त लागते. रात्रभरात आठ तासांत चार लिटर तेल जाळलं तर तासाला अर्धा लिटर पडतं. त्याला लेहच्या उंचीवर, गरजेच्या दुप्पट धरली तरी, तासाला पंधरा घनमीटर हवा पुरते. झोपलेल्या एका माणसाला मात्र मैदानात तासाला पंधरा आणि लेहला साधारण तेवीस घनमीटर ताजी हवा हवी. आठ जणांची खोली असेल तर १८० घनमीटर.

एवढी हवा पंख्याशिवाय आणता येते. एक तोंड जमिनीलगत, एक छताखाली, दोघांत दोन मीटर उंचीचा फरक, दोन्ही २५ बाय २५ सेंटिमीटरची. आत-बाहेर २५ अंशांचा फरक असेल तर गरम हवा वरून जाते, थंड खालून येते आणि हिशेबाने तासाला सुमारे १८० घनमीटर हवा बदलते. चौघांच्या बंकरला याच्या निम्मं क्षेत्रफळ पुरतं. खालचं तोंड बुखारीच्या मागे काढावं, म्हणजे गार हवा कुणाच्या अंगावर न येता तापूनच खोलीत शिरते. समोर पत्र्याचा आडोसा उभा केला तर आणखी बरं.

यात ऊब जाते, पण किती जाते तेही बघा. एवढी हवा २५ अंशांनी तापवायला साधारण एक किलोवॉट लागतो. तासाला अर्धा लिटर केरोसीन जळताना सुमारे पावणेपाच किलोवॉट उष्णता निघते, त्यातली बरीचशी धुराड्यातून जाते. म्हणजे हवेची किंमत तासाला शंभर-दोनशे मिलिलिटर तेल. तेवढं तेल जास्त लागलं तर लागू द्यावं. उलट भिंतीला आणि जमिनीला फोम लावून, झोपायच्या जागेखाली जाड पॅड घालून ऊब वाचवावी. हवेचं तोंड बुजवून ऊब वाचवणं हा खोटा हिशेब आहे.

जाळी लावायची ती उंदरांसाठी, पण बारीक जाळीवर आतून दंव गोठतं आणि ती भिंतच होऊन बसते. सेंटिमीटरभर भोकांची तारेची जाळी घ्यावी. बाहेरचं खालचं तोंड बर्फाच्या थराच्या वर येईल असं पाइपाने उंच न्यावं.

खिडकीच्या आतल्या बाजूला सकाळी जाड दंव दिसतं ना, ते नीट बघा. एक लिटर केरोसीन जळताना लिटरभराहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. धुराडं नीट ओढत असेल तर ते सगळं बाहेर जातं. कोरड्या लडाखी थंडीत आतल्या भिंती ओल्या होत असतील, काचेवर फुलं उमटत असतील, तर एक तर माणसांच्या श्वासाला वाट नाही किंवा बुखारीचा धूर आत येतो आहे. दोन्ही तपासावं. अलार्म नसलेल्या खोलीत हीच पहिली सूचना असते.

रात्रीची कवायत

१. अंधार पडण्याआधी बाहेर जाऊन धुराड्याची टोपी आणि हवेची दोन्ही तोंडं डोळ्यांनी बघावीत. बर्फ, बोळे, पिशवी काहीही असलं तर काढावं.

२. पेटवल्यावर वीस मिनिटांनी ज्योत बघून तोटी जुळवावी. त्याआधी जुळवलेली तोटी तापल्यावर जास्त तेल सोडते.

३. स्लीपिंग बॅग पुरेशी असेल तर झोपताना बुखारी बंद करावी. बंद केल्यावरही वाटीतलं तेल संपेपर्यंत कुणी तरी जागं हवं.

४. पेटतीच ठेवायची असेल तर एक माणूस जागा हवा. पहारा बदलताना येणाऱ्याने खोलीत डोकावून ज्योत बघायची, एखाद्याला हाक मारून उत्तर घ्यायचं आणि बाहेरचं धुराड्याचं टोक तपासायचं.

५. हिमवादळात हेच दर तासाला. लांब काठी दाराच्या आत ठेवावी, म्हणजे बर्फाने तोंड बुजलं तर आतून ढोसून मोकळं करता येतं. दार आत उघडणारं असावं. बाहेर उघडणारं दार बर्फ साठला की उघडत नाही.

कोळशाची शेगडी, अंगिठी किंवा स्टोव्ह बंद खोलीत उबेसाठी कधीही ठेवायचा नाही. त्यांना धुराडंच नसतं. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगिठीने माणसं झोपेतच जातात. जनरेटर तर खिडकीच्या जवळपासही नको.

अलार्म कुठे लावायचा

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना तो रासायनिक सेन्सरचा आणि आकडा दाखवणारा घ्यावा. युरोपीय मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तासाभरानंतर, १०० पीपीएमला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो. यावरून कळेल की वाजत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठ तासांसाठी साधारण ९ पीपीएम आणि एका तासासाठी ३० पीपीएम आहे. उंचीवर रक्तात आधीच तूट असल्याने, पडद्यावर १० दिसू लागले की झोपण्याआधी कारण शोधावं. ३० दिसले की बुखारी बंद करून दार उघडावं. १०० ला सगळे बाहेर.

हा वायू जड असतो, जमिनीलगत बसतो, असा समज पक्का आहे, पण तो हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीभर मिसळतो. म्हणून अलार्म झोपणाऱ्यांच्या डोक्याच्या उंचीवर, बुखारीपासून एक ते तीन मीटरवर लावावा. दाराच्या किंवा हवेच्या तोंडाजवळ नको. बऱ्याच अलार्मवर शून्य ते चाळीस अंश असं लिहिलेलं असतं, म्हणून गोठणाऱ्या कोपऱ्यात ठेवू नये. साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियम सेल वापरावेत, ते थंडीत लवकर बसत नाहीत. मागे छापलेली बदलण्याची तारीख पाळावी. तारीख उलटलेला अलार्म बटण दाबल्यावर वाजतो, कारण बटण भोंगा तपासतं, सेन्सर तपासत नाही.

माणूस बेशुद्ध सापडला तर

दार उघडा, एकट्याने आत शिरू नका. दोघांनी जाऊन, श्वास रोखून, माणसाला ओढून बाहेर आणा. बुखारी बंद करायला थांबून वेळ घालवू नका. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. श्वास असेल तर कुशीवर वळवा. पिशवी असलेल्या मास्कने प्राणवायू मिनिटाला दहा ते पंधरा लिटर द्या. मोकळ्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पुरेशा प्राणवायूवर तो तास-दीड तासात निम्मा होतो. मिनिटाला पाच लिटर प्राणवायू देणारं कॉन्सन्ट्रेटर यंत्र पुरेसं नाही, पण सिलिंडर येईपर्यंत तेच लावून ठेवा. अंग उबदार ठेवा, एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्याला, कळवा.

त्या खोलीतल्या प्रत्येकाला तपासणीला न्यायचं. 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्यालाही. काहींना दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात गडबड असं सुरू होतं. म्हणून नोंद झालीच पाहिजे: खोली कोणती, किती वेळ आत होता, अलार्मवर किती आकडा होता.

हापो, म्हणजे फुप्फुसात पाणी भरण्याचा उंचीचा आजार, याच्याशी घोळ होऊ शकतो. तो बहुधा वर पोहोचल्यावर दोन ते चार दिवसांत, एखाद्यालाच होतो. बसल्या जागी धाप, खोकला, पुढे गुलाबी फेस. त्याला प्राणवायू आणि ताबडतोब खाली उतरवणं. शंका असेल तर प्राणवायू दोन्हींत लागतोच, तो देत निर्णय घ्या.

विषबाधा झाली नाही तरी रोजच्या काजळीचा हिशेब फुप्फुसं ठेवतात. खोकला, कफ, छातीत घरघर. आत सिगारेट ओढणाऱ्यामुळे न ओढणारे सातजण भरडले जातात, म्हणून तो नियम कडक असावा. दम्याचा पंप आतल्या खिशात ठेवावा. थंडीने पंपातला दाब उतरतो आणि औषध कमी येतं.

केरोसीनवरचं अवलंबन कमी करायचे प्रयत्न चालू आहेत. डीआरडीओच्या दिपास या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने भडका आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही टाळण्यासाठी 'हिमतापक' ही बुखारी बनवली, ती जानेवारी २०२१ मध्ये पुढे आली. पुढच्याच महिन्यात लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी दहा जवानांचा, सूर्याच्या उष्णतेवर तापणारा तंबू दाखवला. तंबूत काही जळत नसलं तरी दहा जणांचा श्वास असतोच, हवेची तोंडं तिथेही उघडी लागतात.

मैदानातली बॅरेक

पुणे, देवळाली, कामठीच्या छावण्यांतल्या जुन्या बॅरेकींची छतं उंच आणि छताखाली झरोके असायचे. ती चैन नव्हती. भारतातल्या फौजेच्या आरोग्यावर १८६३ साली शाही आयोगाचा अहवाल आला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यासाठी खूप काम केलं, आणि बॅरेकीतली गर्दी व कोंदट हवा हा त्यातला मोठा मुद्दा होता. आता त्याच झरोक्यांत प्लायवूड ठोकून एसी लावला जातो, याचं वाईट वाटतं.

एसी खोलीतलीच हवा फिरवतो, पंखाही. वीस जणांची २० बाय ६ मीटरची, साडेतीन मीटर उंच खोली पूर्ण बंद केली तर कार्बन डायऑक्साइड तासाला सातशे पीपीएमने चढतो. बाहेर ४२० असतो, म्हणजे दोन तासांत १,८०० च्या पुढे. तेवढ्याने कुणी बेशुद्ध पडत नाही, पण एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत किती जातो याचं ते माप आहे. फ्लू आणि क्षयरोग त्याच वाटेने जातात. मीटर घ्यावा, तो खोलीच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, कुणाच्या तोंडासमोर नाही असा ठेवावा. पहाटे चारला बघावा. १,००० च्या आत उत्तम, १,५०० च्या वर गेला तर काही तरी उघडावं लागेल. हाच मीटर लेहला नेला तर त्यात उंची भरावी, नाहीतर मोकळ्या हवेत तो २७०-२८० दाखवतो आणि खोलीतला आकडाही तसाच कमी सांगतो.

उपाय स्वस्त आहे. एका भिंतीत वर बाहेर फेकणारा पंखा, समोरच्या भिंतीत खाली हवा यायची वाट. वीस जणांना तासाला ३०० घनमीटर हवे. जाळी आणि धुळीने तिसरा हिस्सा कमी होतो, म्हणून ४५० क्षमतेचा पंखा घ्यावा. पंखा आणि वाट एकाच भिंतीत ठेवली तर आलेली हवा तशीच निघून जाते. कूलर असेल तर तो बाहेरची हवा आणतोच, फक्त समोरची खिडकी उघडी हवी आणि पाणी आठवड्याला पूर्ण ओतून टाकी घासून कोरडी करायला हवी.

खाटांत निदान तीन फूट अंतर, आणि एकाचं डोकं भिंतीकडे तर शेजारच्याचे पाय. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्याला लगेच थुंकी तपासणीला पाठवावं.

मच्छर कॉइल बॅरेकीत नको. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्मकण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे मोजले गेले आहेत. औषध लावलेली मच्छरदाणी तिची जागा पूर्ण घेते. कोरडा झाडू मारू नये, ओला पोछा करावा. कांबळी दर आठवड्याला कडक उन्हात टाकून झटकावी, पण बॅरेकीपासून लांब. हत्यार साफ करायचं तेल आणि चिंध्या झोपायच्या खोलीत ठेवू नयेत.

किनाऱ्यावरचं क्वार्टर

कुलाब्याचं नेव्ही नगर असो की दाबोळीची वसाहत, पावसाळ्यात इथला शत्रू ओल. आर्द्रतामापक लावावा. खोलीत ६० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात, लहान मुलांचा दमा उसळतो. पाणी गळलं किंवा झिरपलं तर २४ ते ४८ तासांत कोरडं करावं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, बुरशी तिथेच लपते. कपडे खोलीत वाळवायचे असतील तर बाथरूममध्ये, पंखा चालू ठेवून.

बुरशीचा डाग चौरस मीटरभरापर्यंत असेल तर एन-९५ मास्क, हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासून पुसावा आणि कोरडा करावा. ब्लीच वापरलंच तर खिडकी उघडी ठेवून, आणि ते ॲसिडमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. डागावर रंग मारला तर बुरशी महिन्याभरात वर येते. गादी, फोम, भिजलेलं प्लायवूड धुऊन निघत नाही, ते काढूनच टाकावं. हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं असेल तर खोलीच्या घनफळाच्या पाचपट हवा तासाला गाळणारं घ्यावं. ३ बाय ४ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीला १८० घनमीटर. ते कण गाळतं. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड किंवा ओल त्याने जात नाही.

मोठा डाग, छतातून झिरपणं किंवा पुन्हा पुन्हा येणारी ओल हे घासण्याचं काम नाही, एमईएसकडे, म्हणजे फौजी इमारतींची देखभाल करणाऱ्या अभियंता विभागाकडे, लेखी तक्रार द्यावी. 'भिंतीला ओल आहे' एवढं लिहिलं तर रंगारी येतो. म्हणून असं लिहावं: कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर, डाग किती लांब-रुंद, पाऊस पडल्यावर किती तासांनी ओलावतो, वरच्या मजल्यावर त्या जागी बाथरूम आहे का, सकाळी आणि रात्री आर्द्रता किती. सोबत तारखेसह फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. आणि घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी त्याला जोडावी.